राजे आणि छत्रपति: भोसले कुळांतील पदव्या व वंशावळी

पुण्याहून सोलापूरकडे जातांना भीमा ओलांडण्यापूर्वी इंदापूर लागतें. गांवांत एक जुनी गढी आहे. ती मालोजीराजे भोसले यांची म्हणून ओळखली जाते. शिवछत्रपतींचे हे आजोबा सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत निजामशाहीच्या चाकरींत लढत असतां याच इंदापुरास पडले. गांवांत कोणासही गढीची वाट विचारा. तो 'मालोजीराजांची गढी' असेंच म्हणेल. नुसतें 'मालोजी' त्याच्या जिभेवर येणार नाहीं. आज आपणांपुढें जें बोलावयाचें आहे तें 'राजे' या शब्दाच्या दोन अक्षरांविषयीं. तीं या नांवापुढें कोणीं लावलीं, त्यांच्यावर 'छत्रपति' हें पद कसें चढलें, आणि राज्यें गेल्यावर या पदव्यांचें काय झालें, हें पाहावयाचें तर भीमा-नीरेच्या मधल्या या मुलखांतून निघून आपणांस तंजावर, सातारा आणि थेट लंडनपर्यंत जावें लागेल.

आरंभींच माझें मत सांगून टाकतों. ज्याचा हक्क कोणी विचारीत नाहीं तो आपली वंशावळ लिहिण्याच्या भरीस सहसा पडत नाहीं. सोयरीक जुळवावयाची असो, सिंहासनावर बसावयाचें असो, दत्तक मान्य करवून घ्यावयाचा असो, कोणी तरी दारांत उभा राहून "तुम्ही कोण?" असें विचारतो, आणि मग वंशावळीचें दफ्तर सुटतें. भोसले कुळाच्या वंशावळी वाचतांना त्यांत कोणाचीं नांवें आहेत याइतकेंच त्या केव्हां लिहिल्या गेल्या हेंही पाहिलें पाहिजे.

मालोजींचे वडील बाबाजी भोसले हे हिंगणी, बेरडी व देऊळगांव या गांवांचे पाटील. पाटिलकीचें वतन लहान, पण खरें. त्याची निशाणी नांगर. त्याचा मान पोळ्याच्या मिरवणुकींत आणि गोतसभेच्या बैठकींत दिसतो. तो कोणत्या सूर्यवंशावर किंवा चंद्रवंशावर अवलंबून नसतो. बाबाजींचे पुत्र मालोजी व विठोजी यांनीं हा नांगर न सोडतां तरवार हातीं घेतली. वेरुळास त्यांचें ठाणें होतें आणि तेथील घृष्णेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार त्यांनीं केला; शिखर शिंगणापूरचें तळें मालोजींनीं बांधविलें असें सांगतात. मालोजींची पत्नी उमाबाई ही फलटणच्या नाईक निंबाळकरांची कन्या. या दंपतीस पुत्र होईना, तेव्हां अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरास नवस केला, आणि पुढें झालेल्या दोन पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं ठेवलीं. ज्या कुळानें पुढें 'क्षत्रियकुलावतंस' हें बिरुद धारण केलें त्याच्या वडिलांचें नांव एका पिराच्या नांवावरून पडलें होतें, आणि ही गोष्ट शिवाजीमहाराजांचे समकालीन कवि परमानंद यांनीं 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत मोकळेपणानें नमूद केली आहे. लपविण्यासारखें त्यांस त्यांत कांहीं वाटलें नाहीं.

आतां बखरींतील ती प्रसिद्ध कथा. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत रंगाचा उत्सव चालला आहे. लहानगे शहाजी व जिजाबाई एकमेकांवर गुलाल उधळीत आहेत. लखुजींच्या तोंडून सहज निघून जातें कीं, जोडा नामी दिसतो. मालोजी तात्काळ उठून सभेस साक्ष ठेवतात कीं, सोयरीक झाली. जाधवरावांच्या घरांत मात्र खळबळ उडते. देवगिरीच्या यादवांचा वंश सांगणारें तें घराणें एका शिलेदाराच्या मुलास कन्या कशी देईल? मग बखरकार मालोजींस भवानीचा दृष्टांत घडवितो, भूमिगत द्रव्य मिळवून देतो, आणि निजामशहाकडून मनसब व 'राजे' हा किताब देववून लग्न लावून देतो. हें सारें अक्षरशः घडलें असें मी म्हणत नाहीं. दृष्टांतांतील द्रव्य हें बखरींचें जुनें हत्यारच आहे. परंतु त्या समाजांत पदवीची गरज केव्हां पडे हें बखरकारास अचूक ठाऊक होतें. रणांगणांत मालोजींस कोणीं कूळ विचारलें नव्हतें. विचारलें तें लग्नाच्या वेळीं. त्या निजामशाहीचा कारभार पुढें ज्या मलिक अंबरानें चालविला तो तर हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष. त्याची वंशावळ मागण्याचें धाडस दख्खनेंत कोण करणार!

पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत इ. स. १६०४ च्या सुमारास मालोजींस राजा हा किताब आणि पुणें व सुपें हे परगणे जहागीर मिळाल्याचें दिलें आहे. हें सुपें म्हणजे आजच्या बारामती तालुक्यांतील सुपें. ही जहागीर चाकरीसाठीं होती. मालोजी इंदापुरास पडले तेव्हां मुलें अजाण होतीं; चुलते विठोजींनीं त्यांचा सांभाळ केला, आणि निजामशहानें बापाची जहागीर मुलांकडे चालविली. येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. पाटिलकी बापाकडून मुलाकडे आपोआप येई. 'राजे' ही पदवी मात्र बादशहानें पुन्हां दिली म्हणून आली. रक्तानें वतन मिळे, किताब मर्जीनें मिळे.

मर्जी कशी बोलते याचा एक नमुना पाहा. शहाजीराजे १६३६ नंतर आदिलशाहींत गेले. तेथील फर्मानांत त्यांस 'फर्जंद' म्हणजे पुत्र असें संबोधिलेलें आढळतें. बादशहानें आपल्या सरदारास पुत्र म्हणावें आणि प्रसंग पडतांच त्याच पुत्रास बेड्या घालाव्या, असाच तो काळ होता. १६४८ मध्यें शहाजीराजांस कैद झाली ती याच दरबाराकडून. असें कागदी नातें जोडण्याची रीति केवळ दख्खनची नव्हे. इटलीच्या सॅव्हॉय राजघराण्यांत 'अनुन्त्सियाता' नांवाचा सर्वश्रेष्ठ मानचिन्हाचा गट होता, आणि ज्यास तें मिळे तो राजाचा चुलतभाऊ मानला जाई. मुसोलिनी १९२४ मध्यें या रीतीनें राजाचा चुलतभाऊ झाला; १९४३ च्या जुलैंत त्याच राजानें त्यास पदच्युत करून अटकेंत टाकलें.

या सॅव्हॉय घराण्याची गोष्ट आपल्या विषयास फार जवळची आहे, म्हणून तिच्याकडे थोडें वळतों. मॅझिनी-गॅरिबाल्डींच्या चरित्रांतून व्हिक्टर इमॅन्युएल हें नांव मराठी वाचकांस परिचित आहेच. त्याचें कूळ आल्प्स पर्वताच्या घाटवाटा राखणाऱ्या अकराव्या शतकांतील एका काउंटापासून निघालें. १४१६ मध्यें सम्राट सिगिसमुंडानें या काउंटांस ड्यूक केलें. १७१३ मध्यें उत्रेख्तच्या तहानें ते सिसिलीचे राजे झाले. १७२० मध्यें सिसिली देऊन सार्डिनिया घेतला. १८६१ मध्यें इटलीचें राज्य आलें. म्हणजे आमच्या पाटील, राजे, छत्रपति या पायऱ्यांसारख्याच त्यांच्याही पायऱ्या. आणि त्यांच्याही दरबारच्या इतिहासकारांनीं मूळपुरुषाच्या मागें सॅक्सनीच्या राजकुळांतला एक बेरोल्ड नांवाचा पूर्वज उभा केला, ज्यास आज कोणी इतिहास मानीत नाहीं. गंमत अशी कीं, इटलीचा पहिला राजा असूनही व्हिक्टर इमॅन्युएलानें आपल्या नांवापुढचा 'दुसरा' हा आंकडा सोडला नाहीं, कारण सार्डिनियाच्या गादीवर तो त्या नांवाचा दुसरा होता. नवें राज्य हें जुन्या घराण्याचें वाढलेलें वतन आहे, असें तो आंकडा सांगत होता. अनेक इटालियनांस तें बोंचलेंही.

आतां आपल्या मुलखाकडे. आदिलशाहींत शहाजीराजांकडे पुणें-सुप्यासह इंदापूर व बारामती हेही परगणे होते, आणि दादोजी कोंडदेव त्यांचा कारभार पाहत, असें ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत दिलें आहे. दादोजींच्या मृत्यूनंतर इंदापूर-बारामतीच्या अंमलदारांनीं बाल शिवाजीराजांचा अधिकार तंटा न करितां मानला. सुप्यास मात्र सावत्र मामा संभाजी मोहिते आडवा आला आणि त्यास तेथून उचलावें लागलें. या दिवसांतील शिवाजीमहाराजांची मुद्रा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांत चंद्रकोरीची उपमा आहे, लोककल्याणाचा हेतु आहे, आणि मुद्रा कोणाची, तर शहाजीचा पुत्र शिवाजी याची. राजा नाहीं, महाराज नाहीं, सूर्यवंश नाहीं. बापाचें नांव एवढीच पदवी. ज्या मुलखांतील अंमलदार निमूटपणें वसूल आणून देत होते तेथें याहून अधिक सांगण्याचें कारण नव्हतें.

कारण पडलें तें १६७४ मध्यें. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ या दिवशीं रायगडावर राज्याभिषेक झाला. तत्पूर्वी महाराजांची मुंज झाली, समंत्रक विवाह पुन्हां झाले, आणि उदेपूरच्या सिसोदियांपासून भोसले कुळ निघाल्याचें गागाभट्टांच्या अनुमतीनें मान्य झालें. चिटणिसी बखर म्हणते कीं, बाळाजी आवजी यांच्या खटपटीनें उदेपुराहून वंशावळ आणविली. या वंशावळीवर पंडितांत पुष्कळ वाद झाले आहेत. कांहींस ती राज्याभिषेकासाठीं रचलेली वाटते. परंतु शहाजीराजांच्या पदरचा कवि जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त, जो इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९२२ मध्यें छापला, सिसोदिया मूळाचा उल्लेख राज्याभिषेकापूर्वींच आला आहे. तेव्हां ही समजूत घराण्यांत आधींपासून होती एवढें निश्चित. चितोडपासून वेरुळापर्यंतची साखळी कड्याकड्यानें सिद्ध होते काय, हा प्रश्न निराळा. आणि मला विचाराल तर शिवाजीमहाराजांच्या योग्यतेशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. सुमारें सत्तर वर्षांच्या आंत बादशहांनीं दिलेली 'राजे' ही पदवी मागें टाकून कोणीं न दिलेली 'छत्रपति' ही पदवी त्यांनीं घेतली. पण स्वतः घेतलेल्या पदवीस साक्षी लागतात. बादशहाच्या जागीं येथें शास्त्र साक्षीस आलें, आणि शास्त्रानें नियमाप्रमाणें कूळ विचारलें.

पुढें शाखा फुटल्या. १७०७ मध्यें शाहूराजे मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले तेव्हां ताराबाईंनीं त्यांस तोतया म्हटलें. अखेर १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निश्चित झाल्या. पदवीचा वारसा हा प्रश्न या काळांत छत्रपतींपुरता राहिला नव्हता. बारामतीच्या बाबूजी नाइकांचेंच उदाहरण घ्या. हे मोठे सावकार, पेशव्यांचे धनको आणि सोयरेही. बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावास दिली होती. १७४० मध्यें बाजीराव वारले तेव्हां नागपूरच्या रघूजी भोसल्यांनीं पेशवाईसाठीं या बारामतीकरांचा पक्ष उचलला. शाहूमहाराजांनीं वस्त्रें दिलीं तीं बाजीरावांच्या मुलास, नानासाहेबांस. आणि पेशवेपद, जें मुळांत नेमणुकीचें, तें त्या दिवसापासून वंशपरंपरेचें होऊन बसलें. बाबूजी नाइकांची वस्त्रें हुकलीं खरीं, पण त्यांनीं मोरोपंतांस बारामतीस आश्रय दिला. मराठी माणूस आज त्यांस त्यामुळेंच अधिक ओळखतो.

शाहूमहाराजांस पुत्र नव्हता. ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें केलेले रामराजे १७५० च्या आरंभीं गादीवर बसले, आणि ते आपल्या मुठींत राहत नाहींत असें पाहतांच त्याच आजीनें त्यांस कैदेंत घातलें व हा आपला नातूच नव्हे असें जाहीर केलें. १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबापुढें त्यांनीं तशी शपथही वाहिली. खरें काय होतें? पहिलें बोलणें खोटें कीं दुसरें? माझ्यापुरतें मी इतकेंच म्हणतों कीं, शपथ वाहूनही रामराजे गादीवरून उठले नाहींत. १७७७ पर्यंत ते छत्रपतीच राहिले, कारण पेशव्यांस छत्रपति हवा होता आणि त्यांच्यापुरता हा पुरे होता.

या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तंजावरचा शिलालेख. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनीं स्थापिलेल्या त्या गादीवर राजे तुळजाजी यांनीं मृत्यूपूर्वी सरफोजी या मुलास दत्तक घेतलें. १७८७ मध्यें कंपनी सरकारनें पंडितांचीं मतें घेऊन हें दत्तविधान अशास्त्र ठरविलें आणि अमरसिंहांस गादी दिली. १७९८ मध्यें पुन्हां पंडितांचीं मतें घेतलीं, तीं उलट निघालीं, आणि सरफोजी राजे झाले. शास्त्र तेंच होतें. बदलली होती ती कंपनीची सोय. पुढच्याच वर्षीं, १७९९ मध्यें, सरफोजींस तह करून सारें राज्य इंग्रजांस द्यावें लागलें; हातीं राहिला किल्ला, वाडा आणि नेमणूक. याच सरफोजींनीं १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतींवर भोसले वंशाचें चरित्र मराठींत, देवनागरी अक्षरांत कोरविलें. तमिळ देशांतील चोलांच्या मंदिरावर, शिळेमागून शिळा भरीत गेलेला हा मराठी लेख पाहणाऱ्यास थक्क करतो. राज्य होतें तेव्हां तो कोणास सुचला नाहीं. दत्तकपणावर एकदां नकार ऐकलेल्या आणि राज्य हातचें गेलेल्या राजानें तो दगडावर घातला. दगडास नामंजूर म्हणतां येत नाहीं!

पण कंपनीस येत होतें. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्यें निपुत्रिक वारले. कंपनीनें पदवी संपुष्टांत आल्याचें ठरविलें आणि खासगी मालमत्तेवरही जप्ती बसविली. राणी कामाक्षीबाईंनीं दावा लावला. मद्रासेस जिंकला, परंतु १८५९ मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलानें निकाल फिरविला. हें राज्यसत्तेचें कृत्य आहे, न्यायालयास त्यांत हात घालतां येत नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. खोलींत कितीही कागद असोत, ज्यानें ते वाचावयाचे त्यानें डोळे मिटले म्हणजे वंशावळ मुकी होते.

साताऱ्याची गोष्ट याहून अधिक जिव्हारीं लागते. १८१९ च्या तहांत इंग्रजांनीं प्रतापसिंहमहाराजांचें राज्य त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांस चालेल असें लिहून दिलें होतें. १८३९ मध्यें त्यांनीं महाराजांस पदच्युत करून काशीस धाडलें आणि बंधु शहाजी उर्फ आप्पासाहेब यांस बसविलें. रंगो बापूजी लंडनांत तेरा वर्षें या अन्यायाची दाद मागत राहिले. आप्पासाहेबांनीं ५ एप्रिल १८४८ रोजीं, मृत्यूपूर्वी कांहीं तास, एक मुलगा यथाविधि दत्तक घेतला. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र हा पुत्रच. पिंड त्याच्याच हातून मिळतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनींही दत्तक मान्य करावा असें मत दिलें. लॉर्ड डलहौसीनें मात्र असा भेद काढला कीं, खासगी मिळकतीपुरता हा मुलगा वारस आहे, राज्यापुरता नाहीं. म्हणजे एकाच बापाचा तो अर्धा मुलगा! १८४९ मध्यें सातारचें राज्य खालसा झालें, आणि हेंच सूत्र पुढें झांशी-नागपुरास लागलें.

कोल्हापूर वांचलें, तेथें दत्तकांच्या परंपरेनेंच गादी चालली. १८८४ मध्यें कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहूमहाराज झाले, आणि त्यांच्याएवढा छत्रपति त्या गादीवर दुसरा झाला नाहीं असें म्हटलें तर कोल्हापूरकर रागावणार नाहींत. रक्तानें घाटगे, विधीनें भोसले, आणि कर्तृत्वानें सर्वांचे. हीच गोष्ट सॅव्हॉय घराण्यांत शक्य नव्हती. तेथें औरस पुरुषसंतति पाहिजे, आणि विवाहास कुलप्रमुखाची संमति पाहिजे. दत्तकास तेथें जागा नाहीं. २ जून १९४६ च्या लोकमतानें इटलींत राजसत्ता गेली. १९४८ च्या घटनेनें सरदारी किताबांची मान्यता काढली आणि माजी राजांच्या पुरुष वंशजांस देशांत पाऊल टाकण्याची बंदी केली, ती २००२ मध्यें उठली. शेवटचे राजे दुसरे उंबेर्तो १९८३ मध्यें परदेशांतच वारले. त्यांच्या पुत्रानें बापाच्या संमतीवांचून विवाह केला म्हणून ऑस्ताच्या शाखेनें २००६ मध्यें कुलप्रमुखपद आपलें असें जाहीर केलें. ते दोन्ही प्रतिस्पर्धी आतां हयात नाहींत, एक २०२१ मध्यें आणि दुसरा २०२४ मध्यें वारला. वाद त्यांच्या पुत्रांकडे गेला. गादी नाहीं, राज्य नाहीं, आणि वारसाचा वाद मात्र चालू.

आमच्याकडे कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनें राजांची मान्यता व तनखे दोन्ही संपले.

ज्या निजामशाहीनें मालोजींस 'राजे' म्हटलें ती १६३६ मध्येंच बुडाली. पुणें-सुप्याची ती जहागीर आतां कोणाची नाहीं; सुप्याचा वसूल बारामतीच्या तहसिलींत जातो. गढीची वाट विचारणाऱ्यास मात्र इंदापुरांत आजही तेंच नांव सांगितलें जातें, मालोजीराजे.